भाचीचं मेडिकल आणि मामाची ओपीडी

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये पहिल्याच दुकानात वस्तू घेतली, की लोक समजतात हा पाहुणा. गजानंद मार्केटात साधा परकर घ्यायचा तरी चार दुकानांत कापड चुरगळून बघायचं, भाव पाडायचा, 'राहू दे' म्हणून चार पावलं चालायचं आणि मागून हाक येण्याची वाट बघायची, हा इथला शिरस्ता. त्यामुळे भाचीची 'नीट' पार पडली आणि मेडिकलचा पसंतीक्रम भरायची वेळ आली, तेव्हा धाकट्या बहिणीने फर्मान काढलं, "दादा, तिला कॉलेजं दाखवून आण. न बघता काही भरायचं नाही."

आता रक्त दिसलं की मला घेरी येते, आणि सुई दिसली की रक्त दिसेपर्यंतही थांबत नाही. तरी घरातला वैद्यकीय तज्ज्ञ मीच. घराण्यात सर्वांत जास्त दवाखाने मी पाहिलेत. आडवा होऊन, पण पाहिलेत.

तळमजल्यावरच्या कापडवाल्या चाचांनी निघताना विषयाचं सार सांगितलं. "साईं, सरकारी में होलसेल, प्रायव्हेट में रिटेल. डिग्री वही!" काही अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या वर जाते. तिथे 'राहू दे' म्हणून चार पावलं चाललं तरी मागून हाक येत नाही. सरकारीत राज्याच्या वाट्याला ८५ टक्के जागा, आणि २०२० मध्ये ७०:३०चा प्रादेशिक कोटा गेल्यापासून उल्हासनगरच्या पोरीला नागपूर, लातूरही तितकंच मोकळं. म्हणजे दुकानं वाढली.

भाचीच्या वहीत रकाने होते: खाटा, ओपीडी, होस्टेल, एमबीबीएसनंतरच्या वर्षभराच्या सेवेचा बॉण्ड. मी दोन वाढवले: कॅन्टीन आणि फास्ट लोकल. कळव्याला आणि शीवला फास्ट थांबत नाही, म्हणून मी दोघांचे मार्क कापले. नायर तर पश्चिम रेल्वेवर, म्हणून यादीतूनच उडवलं. भाचीने ते परत लिहिलं आणि माझे दोन्ही रकाने खोडले.

आधी उलट्या दिशेला, अंबरनाथला. तिथलं शिवमंदिर १०६० सालचं, सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ सालचं, शंभर जागांचं. मधली ९६४ वर्षं सगळी भिस्त महादेवावर. नव्या कॉलेजात सीनियर कमी, हा भाचीने फायदा धरला.

तिथून मुंबईकडच्या गाडीत कल्याण आलं, तशी मी आनंदीबाई जोशींची माहिती द्यायला घेतली. जन्म इथलाच, ३१ मार्च १८६५. अठराव्या वर्षी बोटीने अमेरिकेला, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर.

"बोटीवर घरचं कोण होतं सोबत?" भाचीने विचारलं.

"कोणी नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या, चाचींनी दिलेल्या सिंधी कोकीच्या डब्याकडे पाहिलं, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पुढचं ज्या रुग्णालयात घडलं त्याचं नाव सांगत नाही. फाटकावर मी रुबाबात विचारलं, "डीन ऑफिस?" गार्डने हात केला तिकडे माणसांचा एक लोंढा निघाला होता, मीही त्यात निघालो. भाची "मी मुलांशी बोलून येते" म्हणून सटकली. लोंढ्याची रांग झाली, रांगेला खिडकी आली.

"काय होतंय, काका?"

"मला काही होत नाही. भाचीच्या ॲडमिशनसाठी आलोय."

"ॲडमिशन नंतर. आधी ओपीडीत दाखवावं लागतं. पेशंट कुठाय?"

"इथेच आहे, फिरतेय."

"चालतंय-फिरतंय तर ॲडमिशन कशाला? किती दिवस ठेवायचंय?"

"साडेचार वर्षं. वर इंटर्नशिप."

खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे निरखून पाहिलं, मागची रांग खवळली, आणि दहा रुपयांत माझ्या नावाचा केसपेपर माझ्या हातात पडला. मेडिसिन ओपीडी, पहिला मजला. बाईंना मानसोपचारच लिहायचं होतं, पण मागच्याने मला ढकललं.

केसपेपर हातात असलेल्या माणसाचं त्या इमारतीत कोणी काही ऐकत नाही. मी ज्याला ज्याला डीन ऑफिस विचारलं, त्याने कागद पाहिला आणि मला पहिल्या मजल्यावर पाठवलं. शेवटी बाकावर बसलो. शेजारी मुरबाडकडच्या एक आजी होत्या. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचे सगळे रिपोर्ट. "पिशवी धरा हं भाऊ, यांना लघवीला नेऊन आणते," म्हणाल्या. आता मला पळूनही जाता येईना.

तेवढ्यात पांढऱ्या ॲप्रनांचा घोळका आला. सर म्हणाले, "यांची हिस्ट्री घ्या." सहा पोरं माझ्याभोवती उभी राहिली. झोप लागते का? पोट साफ होतं का? घरी कोणाला साखर? एकाने बीपीचा पट्टा आवळला. "वाढलंय. कधीपासून, काका?"

"तुम्ही मला धरल्यापासून."

सगळे हसले. घोळक्याच्या मागून एक ओळखीचं हसू आलं. भाची! वही उघडून, माझी हिस्ट्री उतरवून घेत होती. पुढल्या टेबलावर कोणीतरी सिरिंज उघडली आणि त्यानंतरचं मला नीटसं आठवत नाही.

पाणी मारल्यावर डोळे उघडले, तेव्हा समोर एक रेसिडेंट मुलगी आजींच्या पुढ्यात उकिडवी बसली होती. डोळे तारवटलेले, अंबाड्यात पेन खोचलेलं. आजींना वाचता येत नव्हतं. तिने गोळ्यांच्या एका पाकिटावर सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्र. मग आजींकडून वदवून घेतलं, कुठली कधी. चुकल्या, तर परत. मागे रांग दारापर्यंत गेली होती आणि ती मुलगी चंद्र गिरवत होती.

भाची लिहायची थांबली होती. वहीत 'ओपीडी: भरपूर गर्दी' असं लिहून पुढे तिने अधिकचं चिन्ह केलं होतं. पेशंट जितके जास्त तितकं शिक्षण चांगलं, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्या गर्दीतला एकेक माणूस पहाटेची एसटी धरून आलेला असतो. आपल्या लेकरांचं शिक्षण त्यांच्या ताटकळण्यावर चालतं, आणि फीच्या पावतीत त्यांच्या नावाने काही कापलं जात नाही, याचा मला तिथे भयंकर राग आला. कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून गार्डवर काढला.

बाकीची कॉलेजं झरझर झाली. भायखळ्याचं ग्रँट १८४५चं. परळचं जी. एस. १९२६चं, देणगीदारांची अटच होती की शिकवणारे भारतीय हवेत. कॅन्टीन दोन्हीकडे बघायचं राहिलं, कारण मला पथ्य लागलं होतं.

भाचीने पहिलं परळ लिहिलं. अंबरनाथही वरच्या पाचांत घातलं, घरून डबा येईल म्हणून. तुमच्याकडेही फॉर्म भरायचा असेल तर इमारती बघू नका, तासभर ओपीडीच्या रांगेत उभे राहा. जिथे थकलेला डॉक्टरही दुसऱ्यांदा समजावून सांगतो, ते कॉलेज वर लिहा. फक्त खिडकीपाशी 'ॲडमिशन' हा शब्द काढू नका.