आधी ऐकू येणारं कापड

"काकू, काल रिसेप्शनला नवरीचा गाऊन पाहिलात?"

"पाहिला काय, आधी ऐकला! ती दारातून आत आली नि ही सळसळ. टॅफेटा गं तो. जुन्या लोकांचा ताफता. शब्द फारसी, ताफ्तन म्हणजे पीळ घालणं, विणणं. नाव साधं, नखरा सगळा अंगात."

"रेशमाचा होता म्हणे."

"विहीणबाई सांगतात! मी आहेर देताना बाही चिमटीत धरून बघितली. पॉलिस्टर. अस्सल टॅफेटा रेशमाचा. वीण मात्र साधीच हो, धोतराची असते तीच. पण धागा आधी रंगवून गच्च विणला की ताठ राहतो. विणल्यावर रंगवला तर मऊ पडतो, मग कोटाच्या अस्तराला जातो. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, की झाली धूपछाव."

"चुरगळतो पण किती!"

"डायनाचा लग्नातला नव्हता चुरगळला? २९ जुलै १९८१. मागे लोळणारा २५ फुटी घोळ, तो घोडागाडीत कोंबला, शेजारी वडील. चर्चपाशी उतरली तर सुरकुत्याच सुरकुत्या, टीव्हीवर अख्ख्या जगाने पाहिल्या. शिवणारे इमॅन्युएल नवरा-बायको, त्यांचं काय झालं असेल गं!"

"अगबाई!"

"याचा फुगासुद्धा झालाय. १७८३ मध्ये पॅरिसला जाक शार्ल नावाच्या शास्त्रज्ञाने टॅफेटाला रबराचं लुकण लावलं, आत हायड्रोजन भरला नि दिला सोडून. तो पडला गोनेस गावात. गावकऱ्यांना वाटलं राक्षसच. दाताळी घेऊन तुटून पडले, फाडून टाकला."

"ती सळसळ तरी खरी असते का?"

"बरं विचारलंस. रेशीम सौम्य आम्लाच्या पाण्यातून काढलं की करकरतं. तेवढं चालायचंच, पावडर-लाली आपणही लावतो. पण पुढची लबाडी ऐक. कच्च्या रेशमावर डिंक असतो. तो उकळून काढला की वजन जवळजवळ पाव भागाने घटतं, आणि माल विकायचा वजनावर! मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या रंगाऱ्यांनी रेशमाला कथिलाचे क्षार पाजले. गवळी दुधात पाणी घालतो ना, तसंच. घटलेलं भरून निघालं, वर आणखी चढलं. कापड जड, पडायला झोकदार. बायका खूश, व्यापारी त्याहून खूश."

"मग कळलं कसं?"

"कपाटं उघडल्यावर! ना कुणी वापरलं, ना कसर लागली, तरी घडीघडीवर कापड आपसूक चिरलेलं. म्युझियमवाल्यांना आजही तोच ताप. टाका घालावा तर सुईच्या भोकापासून नवी चीर जाते."

"आणि विकणारे?"

"ते कधीच पैसे मोजून मोकळे!"