कार्ब्ज की कॅलरी : उमेदवारांसाठी सूचनापत्रक

वजन उतरवायचे ठरवले, की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न उभा राहतो: कार्ब्ज सोडायचे की कॅलरी मोजायच्या? प्रश्न उमेदवाराचा असतो, पण उत्तर देण्याचा अधिकार बाकी सगळ्यांकडे असतो. काकू म्हणतात, भात बंद कर. ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, भात खा, फक्त मोजून खा. भाऊजी दोन्ही करून दमलेले असतात, तरी सल्ला देतात. अशा कात्रीत सापडलेल्यांसाठी हे पत्रक काढले आहे. ते एका बैठकीत वाचावे. मधेच उठून फ्रिज उघडू नये.

पात्रता

आपण खरोखर उमेदवार आहोत का, हे आधी तपासावे. आरशाचा निकाल ग्राह्य धरला जाणार नाही, तो घरचा माणूस आहे. शिंप्याकडे असते तशी टेप घ्यावी, श्वास सोडावा आणि कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही हद्द आहे. पोट आत ओढून घेतलेले माप बाद समजण्यात येईल.

‘मी तर बारीकच आहे’ म्हणणाऱ्यांनाही सूट नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपला माणूस वरून सडपातळ आणि आतून साजूक असतो, हे सांगायला एका मराठी डॉक्टरने स्वतःचेच शरीर पुरावा म्हणून पुढे केले. तेव्हा शर्ट सैल होतो, हा बचाव इथेच निकालात निघाला.

दोन पंथ

कार्ब्ज सोडणाऱ्यांचे मूळपुरुष विल्यम बँटिंग. लंडनचे, आणि धंदा अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा. त्यांच्या घराण्याकडे राजघराण्यातल्या अंत्ययात्रासुद्धा असत. हे गृहस्थ इतके सुटले होते, की वाकून बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उलटे, पाठमोरे उतरावे लागे. विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरांनी त्यांचे पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद केली. वर्षभरात वीस किलोच्या आसपास वजन उतरले, आणि १८६३ साली बँटिंगनी आपली कहाणी पुस्तिका काढून जाहीर केली. या आहारात दुपारच्या जेवणाबरोबर दोन-तीन ग्लास क्लॅरेट वाइनची मुभा होती. आपल्याकडचे काही उमेदवार अंमलबजावणी नेमकी या कलमापासून सुरू करतात.

दुसऱ्या पंथाच्या गुरू लुलू हंट पीटर्स, लॉस एंजेलिसच्या डॉक्टरीणबाई. त्यांचे पुस्तक १९१८ चे. त्यांचे सांगणे असे, की इथून पुढे पावाची चकती म्हणायचे नाही, शंभर कॅलरीचा पाव म्हणायचे. हिशेबाचे कोष्टक त्याआधीच विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने घालून दिले होते. माणसाला खोलीएवढ्या यंत्रात बसवून तो खातो किती आणि त्याच्या अंगातून उष्णता निघते किती, हे या माणसाने मोजले. ग्रॅमभर प्रथिनाला चार कॅलरी, ग्रॅमभर कार्ब्जला चार, चरबीला नऊ. अ‍ॅपमध्ये आज आपण जे बघतो, त्याच्या बुडाशी हेच तीन आकडे आहेत.

आपल्या घराघरांत मधल्या काळात हा सामना दोन आहारगुरूंच्या नावाने, ‘दीक्षित की दिवेकर’ असा खेळला गेला. दीक्षितांचे म्हणणे, दिवसातून दोनदाच जेवा आणि ते पंचावन्न मिनिटांत संपवा. दिवेकरांचे म्हणणे, थोडे थोडे खा, वेळेवर खा आणि तूप सोडू नका. मोजमापाची कटकट दोन्हीकडे नाही, ही गोष्ट मराठी माणसाला फार मानवली. पंचावन्न मिनिटे ही मर्यादा आहे की उद्दिष्ट, याबद्दल मात्र काही घरांत अजून संभ्रम आहे.

आतली गोष्ट

कमी कार्ब्ज सरस की कमी चरबी, हे एकदाचे ठरवायला अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ माणसे घेतली. निम्म्यांना कमी कार्ब्ज, निम्म्यांना कमी चरबी, आणि कॅलरी मोजा असे कोणालाच सांगितले नाही. वर्षाअखेर कमी कार्ब्जवाले सरासरी ६ किलो उतरले, कमी चरबीवाले ५.३. निकाल २०१८ मध्ये आला: दखल घेण्याजोगा फरक नाही. खरी गंमत सरासरीच्या पोटात होती. दोन्ही गटांत कोणी तीस किलोच्या आसपास घटवले होते, तर कोणी दहाएक किलो कमावले होते. म्हणजे पंथ एकच, पथ्य एकच, आणि एक जण उतरला, दुसरा चढला.

तेव्हा कार्ब्ज वाईट की कॅलरी खरी, हा वाद उमेदवाराने भाऊजींवर सोपवावा आणि आपण वेगळा प्रश्न हाती घ्यावा: मी खाण्याबद्दल खोटे बोलतो, ते कशा प्रकारे? सगळेच बोलतात. न्यू यॉर्कमध्ये १९९२ साली काही माणसे अशी तपासली गेली, की जी शपथेवर सांगत होती, आम्ही बाराशे कॅलरीसुद्धा खात नाही आणि तरी वजन हलत नाही. त्यांच्या शरीराचा कारभार ठीकठाक निघाला. खाल्लेले मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितले होते आणि केलेला व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसे लबाड नव्हती. त्यांचा स्वतःवर मनापासून विश्वास होता, एवढेच.

मराठी घरात हे खोटे दोन जातींचे असते. काही नावाचे खोटे बोलतात, काही मापाचे. आपली जात ओळखली, की पंथ आपोआप ठरतो.

नावाचे खोटे

या जातीचा उमेदवार प्रमाण लपवत नाही, तो पदार्थाचे नाव बदलून घेतो. साखर सोडली म्हणतो आणि चहात गूळ टाकतो. पोळी सोडली म्हणतो आणि भाकरी खातो. भाकरीबद्दल आपल्या मनात इतका आदर साठलेला आहे, की ती लठ्ठ करू शकेल असे म्हणणे शेतकऱ्याचा अपमान केल्यासारखे वाटते. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात कार्ब्ज सुमारे ६८ ग्रॅम, गव्हाच्या पिठात ६४. नाचणीही त्याच घरातली. भाकरी खावी, जरूर खावी, चांगली आहे ती. कार्ब्ज सोडले म्हणून खाऊ नये. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ४० ग्रॅम कार्ब्ज. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहायचे, ही या पंथातली त्यातल्या त्यात सौम्य अट. तीन भाकऱ्यांत १२० झाले. उरलेल्या दहा ग्रॅमांत चहा, आमटी आणि संध्याकाळ बसवायची आहे.

मग येते एकादशी. साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, त्यावर दाण्याचे कूट, वरून तूप, जोडीला रताळ्याचा कीस. देवाला हा उपवास पोचत असेल, पण इन्शुलिनला तो मेजवानीच वाटतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी ग्लुकोमीटर न वापरता शोधून काढले होते.

नावाचे खोटे बोलणाऱ्याने कार्ब्जच्या पंथाला जाऊ नये. तिथे सगळा कारभार नावावर चालतो: हे चालते, ते चालत नाही. अशा माणसाला ‘चालते’ची यादी दिली, की तो त्यातच वाडा बांधतो. शेंगदाण्यात कार्ब्ज कमी, असे कुणीतरी सांगते आणि टीव्हीसमोर वाटी येते. शंभर ग्रॅम दाण्यांत पाचशेच्या वर कॅलरी असतात, पण कॅलरी या पंथात मोजतच नाहीत. अशा उमेदवाराने काटा विकत घ्यावा आणि कॅलरी मोजाव्यात. काट्याला नावे वाचता येत नाहीत.

मापाचे खोटे

हा उमेदवार वहीत सगळे लिहितो. ‘वरण १ वाटी’ असे लिहितो. पण वाटी कुठली? आमटीची, चटणीची, की रुखवतात आलेली ती खोलगट, जिच्यात मांजर झोपू शकेल? ‘तेल १ चमचा’ असे लिहितो, आणि फोडणी चालली असते तेव्हा तो बाहेर पेपर वाचत असतो.

घडीची पोळी जवळून पाहावी. गोळा थोडा लाटायचा, वर तेलाचे बोट फिरवायचे, पिठी भुरभुरायची, घडी घालायची, परत तेल, परत घडी, मग लाटून तव्यावर. उतरवल्यावर वरून पुन्हा तेल किंवा तूप, कारण त्याशिवाय डब्यात मऊ राहत नाही. पोळीमागे चहाचा एक चमचा तेल धरले तर ४० कॅलरी, चार पोळ्यांच्या १६०. वहीत फक्त ‘पोळ्या ४’ आहे. शिवाय मुलाच्या ताटात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून पोटात जातो, आणि तो वहीत येत नाही, कारण ते खाणे नव्हे, ती काटकसर. स्वयंपाक करताना चव बघितलेली उसळही येत नाही. ती जबाबदारी असते.

मापाचे खोटे बोलणाऱ्याने वही फाडून टाकावी आणि कार्ब्ज कमी करावेत. पोळी खाल्ली की खाल्ली. तिथे पावणेदोन पोळ्या लिहिण्याची सोय नाही. फक्त आपले ताट आधी नीट बघून घ्यावे. देशभरातल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतीय माणसाच्या कॅलरींपैकी ६२ टक्क्यांच्या आसपास कार्ब्जमधूनच येतात. शाकाहारी मराठी घरातून पोळी, भात, पोहे, उपमा, साबुदाणा आणि बटाटा काढला, की उरते पालेभाजी, ताक, पनीर आणि घरच्यांचे चेहरे. वरणालाही इथे पूर्ण संरक्षण नाही; डाळीत प्रथिने आहेत, पण कार्ब्ज त्याहून दुप्पट आहेत. अंडी-मासे खाणाऱ्यांचे बरे चालते. तरी मालवणी माणसाला माशाची कढी भाताशिवाय पिऊन दाखव म्हणणे ही क्रूरताच.

एक इशारा. कार्ब्ज सोडले, की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झटक्यात जातात. शरीर साखरेचा साठा करते तेव्हा ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा रिकामा झाला की पाणी निघून जाते. ती चरबी नव्हे. पेढे वाटू नयेत, निदान खाऊ तरी नयेत.

आणि हे वाक्य थट्टेतले नाही: मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब्ज एकदम तोडू नयेत. साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

समारंभप्रसंगी

इथे कार्ब्जवाल्यांची सरशी मान्य करावी लागते. ‘गोड बंद आहे, डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटले, की वाढपी पुढे सरकतो. कॅलरीवाल्याला मात्र स्पष्टीकरण द्यावे लागते, आणि स्पष्टीकरण दिले की संपले.

“घ्या हो भाऊजी, एका जिलबीनं काय होतंय?”

“नको वहिनी, मोजून खातोय सध्या.”

“मग मोजून दोन घ्या.”

‘अर्धीच’ हा शब्द पंगतीत उच्चारू नये. अर्ध्या नेहमी जोडीने येतात.

तक्रार निवारण

पंथ निवडून तीन महिने झाले, तरी टेप आहे तिथेच असेल, तर उमेदवाराला तक्रार करण्याचा हक्क आहे. थायरॉइड, अनुवंश, हवामान आणि सासर ही कारणे लिहिण्यासाठी अर्जात जागा सोडलेली आहे. सोबत गेल्या तीन महिन्यांची किराणा बिले जोडणे बंधनकारक आहे. वही खोटे बोलते, अ‍ॅप जे सांगाल ते ऐकते, वाण्याचे बिल मात्र दोन्ही जातींतले नाही. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा तेलाचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज साधारण ३४५ कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या, मग वहीत काहीही असो. तूप, साखर आणि फरसाण यांचाही असाच भागाकार करून तो अर्जाच्या मागच्या बाजूला लिहावा. बाहेरून मागवलेले पार्सल वेगळ्या कागदावर.

बिलात शेंगदाणे तीन किलो असून घरात कोणीच दाणे खात नसल्याचे अर्जदाराचे म्हणणे असल्यास, अर्ज चौकशीविना दप्तरी दाखल करण्यात येईल.