तिकडं कुणी जात नाही!

निघोजे म्हटलं की निम्म्या लोकांना पारनेर तालुक्यातलं निघोज आठवतं. "कुकडीच्या पात्रातले ते रांजणखळगे तुमच्याच गावात ना?" असं ते विचारतात. नाही हो. आमचं निघोजे खेड तालुक्यातलं, चाकण एमआयडीसीतलं. खळगे आमच्याकडेही आहेत, पण ते रस्त्यात. आणि नाव निघोजे असलं तरी इथून कुणी सहजासहजी निघत नाही. कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची थर्ड. कुणाची सुट्टी गुरुवारी, कुणाची रविवारी. 14 मित्रांची सुट्टी एकाच दिवशी येणं हा ग्रहणासारखा दुर्मिळ योग. तो जुळवून आणणारा माणूस साधासुधा नसतो. त्याला आम्ही ॲडमिन म्हणतो.

ॲडमिन प्रत्येक कंपनीत, प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी असतोच. त्याची पहिली खूण म्हणजे त्याचं मूळ गाव समुद्रापासून भरपूर लांब असतं. आमचा लातूरकडचा. सव्विसाव्या वर्षी त्यानं पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि त्या दिवसापासून अख्ख्या कोकण किनाऱ्याबद्दल तो सातबारा नावावर असल्यासारखा बोलतो. दुसरी खूण म्हणजे त्याचं पेटंट वाक्य : "तिकडं कुणी जात नाही!" आपण अलिबाग म्हणावं, तो नाक मुरडतो. काशीद म्हणावं, "तिथं आता जत्रा भरते." मग मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी ताणत ताणत तो निळ्या पाण्यातल्या एका ठिपक्यावर येऊन थांबतो. "हे बघ. खांदेरी. बेट आहे. कुणाला माहीतच नाही."

आता या कुणालाच माहीत नसलेल्या बेटावर 1679 साली शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आरमार घेऊन आडवे आले. त्यांच्या जोडीला जंजिऱ्याचा सिद्दी आला आणि त्यानं शेजारचं उंदेरी बळकावलं. दर्यात एवढी धुमश्चक्री झाली. पुढं 1867 साली इंग्रजांनी तिथं दीपगृह बांधलं, म्हणजे रात्रीच्या अंधारातही बेट कुणाच्या नजरेतून सुटू नये. 2025 साली युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतही खांदेरी आहे. थोडक्यात, महाराजांना माहीत, इंग्रजांना माहीत, सिद्दीला माहीत, पॅरिसला माहीत. फक्त आमच्या ग्रुपला माहीत नव्हतं. ग्रुपचं नाव 'आता निघायचंच'. तीन वर्षं जुना आहे.

ॲडमिनला सहलीपेक्षा एक्सेल शीट जास्त आवडते. निघणे पहाटे 4. खोपोलीत चहा, 10 मिनिटं. लघुशंका चहातच धरावी. पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग, थळ. होडीत बसणे 8. एका रकान्यात तर 'आनंद (मोकळा वेळ)' असं लिहून पुढं 45 मिनिटं टाकली होती. दिवसभर असेंब्ली लाइनवर सेकंद मोजणाऱ्या माणसाकडून समुद्राला याहून जास्त सवलत मिळणं शक्य नव्हतं.

प्रत्यक्षात लाइन पहिल्याच स्टेशनला बंद पडली. चाकणचे दोघे तळेगाव चौकात अडकले. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली शाहिस्तेखानाशी दीड महिन्याहून जास्त झुंजवला, हे शाळेत शिकलो होतो. त्या चौकात उभं राहिलं की खानाला आत शिरायला एवढा वेळ का लागला, ते कळतं. दोघे पोचेपर्यंत सहा वाजले आणि फर्स्ट शिफ्टच्या बसेसची रांग आमच्या ट्रॅव्हलरच्या पुढं लागली. ॲडमिन दाराशी उभा राहून एकेकाचं नाव पुकारत होता. चेहऱ्यावर ब्रेकडाउन.

थळला पोचलो तेव्हा साडेअकरा. गाडीतून उतरून समोर बघितलं तर खत कारखान्याची धुरांडी! दीडशे किलोमीटर येऊन पुन्हा कारखानाच. एक जण चटकन म्हणाला, "भावा, पंचिंग कुठं करायचं?"

कोळीवाड्यातल्या तांडेलानं आमच्याकडे बघितलं, मग समुद्राकडे बघितलं. "आज तिथ कोनती? अष्टमी. आठाची पाऊनपट सा. साला भरती, बाराला सुकती. आता होडी लागते कुठं?" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. ॲडमिनच्या शीटमध्ये 22 रकाने होते, त्यांत तिथीचा नव्हता. मग चपला हातात घेऊन 14 जण गुडघाभर चिखलातून होडीकडे निघाले. आमच्या पुढं ॲडमिन, फोन डोक्यावर धरून.

होडी सुटली. वारा लागला. ॲडमिन खुलला. त्यानं तांडेलाला विचारलं, "काका, तिकडं कुणी जात नाही ना?"

तांडेल सुकाणू न सोडता म्हणाला, "मंग आमी कोन?"

बेटावर पोचल्यावर आधी वेताळाच्या देवळात गेलो. तिथला नारळांचा ढीग बघून 'कुणी जात नाही' या दाव्याचा निकाल परस्पर लागला. कोळ्यांचा हा देव, आणि त्यांच्या कित्येक पिढ्या इथं येत आलेल्या. पुढं तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा. आमच्यातल्या मेंटेनन्सवाल्यानं लगेच चाकाचा आस वाकून तपासला. आणि मग तो प्रसिद्ध दगड, ज्यावर खडा आपटला की धातूच्या भांड्यासारखा आवाज येतो. फाउंड्रीत कास्टिंगला हातोडी मारून आवाज ऐकतात. भेग असेल तर बद्द वाजतं, चांगलं असेल तर खणखणीत. आमच्या फाउंड्रीवाल्यानं खडा घेतला, तीन ठिकाणी टिचकावलं, कान लावला आणि गंभीरपणे सांगितलं, "ओके. पास."

दोन तास सगळे तटावर पाय सोडून बसलो. समोर लाटा, मागं दीपगृह, कुणाचा फोन नाही. ॲडमिन मात्र बसला नव्हता. तो गोणी घेऊन बाटल्या गोळा करत होता. येताना 28 आणल्या होत्या, मोजल्या तर 27. पाणी चढायला लागलं, तांडेल हाका मारू लागला, तरी हा हलेना. "एक शॉर्ट आहे." आम्ही त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. वीस मिनिटांनी ती अठ्ठाविसावी बाटली तोफेच्या गाड्याखाली सापडली. माझीच होती. मी बोललो नाही.

रात्री बाराला निघोजेत उतरलो. साडेबाराला ग्रुपवर हिशेब पडला, रुपया न् रुपयाचा. आनंदाच्या रकान्यात 45 मिनिटं खोडून 120 केली होती. खाली एका ओळीत : 'एक जागा सापडलीय. तिकडं कुणी जात नाही.'

तेरा अंगठे उठले. पहिला माझा.

तुमच्या ग्रुपात असा माणूस असेल तर त्याला हसा, पण वर्गणी वेळेवर द्या. नसेल तर शोधा. आमचा मागू नका, तो पुढच्या गुरुवारी बुक आहे.