कोळंबीचा ताप

कोळंबीची तब्येत सध्या उत्तम आहे, हे वाचकांना कळवताना आनंद होतो. निर्यातीच्या एका कारखान्यात (कुठल्या ते विचारू नका, भिंती सगळीकडे सारख्याच पांढऱ्या असतात) सोलाईच्या हॉलमध्ये नवी पाटी लागली आहे : 'मालाचे तापमान ४ अंशांच्या वर गेल्यास तात्काळ वरिष्ठांना कळवावे.' पाटीखाली बायका बर्फात हात घालून उभ्या असतात. त्यांचं तापमान खाली गेल्यास कुणाला कळवावे, याबद्दल पाटी गप्प आहे.

ठरलेल्या वेळी एक साहेब येतात. हातात सुईवाला थर्मामीटर. टबातली एक कोळंबी निवडतात, सुई हलकेच तिच्या पाठीत खुपसतात आणि नाडीवर बोट ठेवलेल्या वैद्यासारखे डोळे बारीक करून उभे राहतात. "तीन पॉइंट आठ." वहीत नोंद, वेळ, सही. एकदा एका मावशींनी आपला अंगठा पुढे केला. "साहेब, आता ह्याचं पण बघा. सकाळपासून माझाच आहे का, तेच कळंना." साहेब हसले. "मावशी, एक्स्पोर्ट कोळंबी होते. तुम्ही नाही."

हातमोजे नाहीत का, असं कुणीतरी विचारेलच. आहेत की! पण कोळंबीच्या कपाळावरचा दातेरी काटा रबराला जुमानत नाही, आणि मोजा घातलेल्या बोटांना पाठीतला काळा दोरा सापडत नाही. मजुरी किलोवर. दोरा निसटला की वेळ गेला, वेळ गेला की किलो गेला. म्हणून मोजे निघतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. लघवीला जायचं तर एप्रन उतरवा. परतताना हात धुवा, क्लोरीनच्या पाण्यात बुडवा, गमबूट बुडवा, मग टबाशी या. तोवर मजुरीही बुडालेली असते. त्यावर बायकांनी उपाय काढला आहे : पाणीच प्यायचं नाही.

थर्मामीटरवर माझा राग नाही. मोठा गुणी प्राणी. सोललेली कोळंबी उणे ४० अंशांच्या फ्रीझरमध्ये गोठते, उणे १८ वर साठवली जाते, मग कंटेनरमध्ये बसून सातासमुद्रापार निघते आणि सोबत तापमान टिपणारं यंत्र जातं. वाटेत तिला जराशी जरी कणकण आली, तरी पलीकडचा गिऱ्हाईक जाब विचारतो. पाकिटावरच्या नंबरावरून ती कुठल्या तळ्यातली, कधी काढली, सगळी कुंडली निघते. सोलली कुणी, एवढंच निघत नाही, कारण सोलणारी कारखान्याची नसतेच. ती ठेकेदाराची. ठेकेदार फोनमध्ये राहतो आणि फोन रेंजबाहेर. समुद्रातल्या मासळीला तर दर पावसाळ्यात १ जूनपासून हक्काची प्रजननाची रजा. ट्रॉलर नांगरून ठेवायचे, कुणी त्रास द्यायचा नाही. तीच रजा सोलणाऱ्या पोरीनं मागितली की मुकादम म्हणतो, "जा, पण परत येऊ नको." ही काय थट्टा लावली आहे? बर्फाचा ट्रक अर्धा तास उशिरा आला तर मॅनेजर अनवाणी धावतो, आणि बाईची बोटं सुजून मूठ वळेना, तर तिला सांगतात, घरी जाऊन कोमट पाण्यात धर!

कामगार म्हणून ह्या बायकांचं काही होईल, ही आशा मी सोडली आहे. त्यापेक्षा त्यांना सरळ नाशवंत माल जाहीर करा. मग ठरावीक वेळाने कुणीतरी विचारपूस करेल, वहीत नाव चढेल, नेण्या-आणण्याची गाडी धुतलेली असेल आणि हयगय झाली तर जबाबदार माणूस सापडेल. मालक म्हणतील, परवडत नाही. बर्फवाल्याला असं एकदा सांगून बघा म्हणावं.