करवतकाका

कोपरीतल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक करवतकाका असतो. वागळे इस्टेटच्या एखाद्या कारखान्यात, टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला. ज्याच्या हातात जन्मभर मायक्रोमीटर होता त्याला घरातलं सगळंच वाकडं दिसतं, बायकोने लावलेलं कॅलेंडरसुद्धा.

आमच्या काकांना चपलांचा स्टँड करायचा आहे. दोन फूट रुंद, तीन खण. सुताराला सांगितलं असतं, तर त्याने चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं चढवून चहा येईपर्यंत तुकडे पाडले असते. पण फरशीच्या मशीनवर लाकूड कापणं म्हणजे काकांच्या दृष्टीने पूजेच्या तांब्याने अंघोळ करणं. "अरे, तिचे फेरे मिनिटाला बारा-तेरा हजार! लाकडाला पाच हजार पुष्कळ झाले. आणि खालचा गार्ड कुठाय?" त्यावर "वीस वर्षं हीच चालवतोय" म्हणत सुताराने हात पुढे केला. काकांनी शांतपणे बोटं मोजली.

तेव्हा घ्यायची तर खरी सर्क्युलर सॉ, आणि तीही वायरवाली. "बॅटरी म्हणजे पेन्शन," काका म्हणतात, "ऐन वेळी संपते." ही हातातली चकती-करवत १९२४ साली अमेरिकेत एडमंड मिशेलने बाजारात आणली, आणि त्याला ती सुचली म्हणे उसाचा कोयता बघून. हे कळल्यापासून काका तिला अर्धी कोल्हापूरची धरतात.

वायर ठरली. पुढे पातं पाच इंची की सव्वासात? पाच इंची हलकी, पण चाळीसेक मिलिमीटरच कापते. सव्वासात इंची पासष्टपर्यंत जाते. स्टँडचा प्लाय १९ मिलिमीटरचा. "स्टँड करताय की गलबत?" काकूंनी विचारलं. काका म्हणाले, "अगं, उद्या लागलं तर?" या जातीच्या माणसाची सगळी खरेदी उद्यासाठी असते.

खरा पेच मात्र पिनपाशी आला. काकांच्या मनात भरली होती बॉशची १४०० वॉटची, ५५०० फेऱ्यांची, ४.२ किलोची मशीन. बाल्कनीतला सॉकेट ६ अँपिअरचा. काकांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत भागाकार केला: १४०० भागिले २३०, उत्तर ६.०९. पॉइंट शून्य नऊ! तेवढ्यासाठी दोन महिने गेले. १२०० वॉटवाली ५.२ मध्ये बसत होती, पण सुरू होताना कुठलीही मोटर क्षणभर जास्तच ओढते. १६ अँपिअरचा सॉकेट स्वयंपाकघरात आहे, तिथे ओव्हन लागतो. तिथून वायर ओढायची तर ती जाड हवी, आणि हॉलमधून जाणार म्हणजे कुणीतरी अडखळणार. कोण, तेही काकांनी ठरवून टाकलं होतं. कोपरीचा रेल्वेपूल रुंद व्हायला वर्षं लागली तेव्हा सगळ्यात जास्त चिडलेला माणूस हाच, हे इथे सांगायला हवं.

मधल्या काळात स्लो लोकलने मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटच्या सहा फेऱ्या झाल्या. दुकानदार आता काकांना बघून मशीन काढत नाही, स्टूल पुढे करतो. काका तिथे गिऱ्हाइकांना सांगतात, की पातं खालून वर कापत येतं, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवा, नाहीतर वरचा पापुद्रा उडतो. ऐकून दोघातिघांनी मशीन घेतली. काकांनी नाही.

शेवटी मागच्या भाद्रपदात, ऐन पितृपक्षात, पंचवीस टक्के सूट मिळाली म्हणून काका १४०० वॉटची घेऊन आले. मी पेढे मागितले. काका गंभीर होते. "पातं २४ दात्यांचं आलंय. भराभर कापेल, पण कडा खरखरीत. प्लायला ४० तरी हवेत. की ६०?" शिवाय आठ बाय चारचा प्लाय लिफ्टमध्ये मावत नाही, हेही मधल्या काळात मोजून झालं होतं. प्लायवाला दुकानातच कापून द्यायला तयार होता. "मग ही कशाला घेतली?" असं त्याला काकांनीच रागाने विचारलं.

खंडेनवमीला काकूंनी प्रसादाला बोलावलं. दाराशी नेहमीसारखा चपलांचा ढीग. आत पाटावर करवत, पटाशी, रंधा, आणि मधोमध ती. हळदकुंकू, झेंडूचा हार, वायर नीट गुंडाळलेली.

"काका, एकदा सुरू तरी करा," मी म्हणालो.

काका दचकलेच. "आज? अरे, आज हत्यार चालवायचं नसतं!"

काकूंनी माझ्या हातावर साखरखोबरं ठेवलं. "आजचा दिवस त्यांना फार सोयीचा जातो," त्या म्हणाल्या.