विद्यापीठ आहे, वर्ग कुठेय?

ग्वाल्हेरला उतरलात तर रिक्षावाल्याला नुसतं 'युनिव्हर्सिटी' म्हणू नका. तो विचारेल, कुठली? गाण्याची, शेतीची, खेळाची, की खासगी?

१९६४ पर्यंत हा घोळ नव्हता. त्या साली जिवाजी विद्यापीठ निघालं, राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी कोनशिला बसवली. त्याआधी कित्येक वर्षं व्हिक्टोरिया कॉलेजात शिकायचं आणि पदवी आग्र्याची घ्यायची, अशी रीत होती. अटलबिहारी वाजपेयी याच कॉलेजचे. गावात विद्यापीठ नव्हतं म्हणून त्यांचं काही अडल्याचं ऐकिवात नाही.

मग वाढ सुरू झाली. १९५७ मध्ये निघालेलं शारीरिक शिक्षणाचं लक्ष्मीबाई कॉलेज पुढे अभिमत विद्यापीठ झालं. २००८ साली तर एका दमात दोन: शेतीला राजमाता विजयाराजे, गाण्याला राजा मानसिंह तोमर. त्यानंतर आले खासगीवाले. तोवर राजेराण्या संपल्या होत्या, त्यांनी इंग्रजी आद्याक्षरांवर भागवलं.

गाण्याचं म्हणाल तर कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ सालीच इथे संगीत विद्यालय काढलं होतं. कुलसचिव नाही, परीक्षा नियंत्रक नाही, दीक्षान्ताचे झगे नाहीत.

नुसतं गाणं होतं बिचाऱ्यांकडे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आज काय चित्र आहे? पोरगं बारावी झालं की पुण्याची गाडी. शहरात एवढी विद्यापीठं असताना? अहो, ती आतून पाहिलेली माणसंच पोरांना गाडीत बसवतात.

ग्वाल्हेर-चंबळ भागात बी.एड.ला प्रवेश घेताना हळूच एक प्रश्न येतो: अटेंडिंग, की नॉन-अटेंडिंग? म्हणजे येणार, की नुसतेच परीक्षेला उगवणार? दुसऱ्या प्रकाराचे पैसे जादा पडतात. न शिकता शिक्षक होणं ही चैन आहे, स्वस्तात कशी मिळेल?

विद्यार्थी गैरहजर इथवर ठीक होतं. मुरैना जिल्ह्यातल्या झुंडपुऱ्यात कॉलेजच गैरहजर असल्याची तक्रार झाली. कागदावर संस्था, कागदावर पाहणी, कागदावर संलग्नता. जानेवारी २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने जिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंसह डझनावर प्राध्यापकांवर गुन्हा नोंदवला; पुढच्याच महिन्यात राज्यपालांनी कुलगुरूंना हटवलं. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण पाहणी समितीने नेमकं काय पाहिलं? चहा तर कुठे प्यायली?

याच विद्यापीठाला नॅकची ए प्लस प्लस श्रेणी आहे. तीही पाहणी करूनच देतात म्हणे.

नर्सिंग कॉलेजांची तऱ्हा त्याहून न्यारी. हायकोर्टाने मध्य प्रदेशातली कॉलेजं सीबीआयकडून तपासून घेतली. २०२४ मध्ये सीबीआयने अटक केली ती आपल्याच अधिकाऱ्याला. कॉलेजला 'योग्य' ठरवण्याचे पैसे घेतल्याचा आरोप होता. कुंपण शेत खातं हे ठाऊक होतं. इथे शेत नसतानाही खाल्लं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी फार हसू नये. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांचं दार उघडलं, आणि साखरसम्राटांच्या शेजारी शिक्षणसम्राट येऊन बसले. डी.एड. कॉलेजांचं पीक आठवतं ना? आता त्यांतल्या कित्येक इमारतींना कुलूप आहे.

पण पदव्या तर वाटल्या जातात ना? वाटल्या जातात. डिसेंबर २०२१ मध्ये ग्वाल्हेरला शिपाई, माळी, ड्रायव्हर अशा १५ जागा निघाल्या. उमेदवार आले सुमारे ११,०००. पात्रता दहावी, रांगेत इंजिनियर आणि एमबीए. विद्यापीठांनी शहराला काही दिलं नाही असं कोण म्हणतो? उच्चशिक्षित शिपाई दिले की!

हा रोग आपला एकट्याचाच नाही. नायजेरियातही गेल्या काही वर्षांत विद्यापीठांचा पाऊस पडला. तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी २०२५ मध्ये हिशेब मांडला: १९९ विद्यापीठांकडे शंभराहून कमी अर्ज, ३४ विद्यापीठांकडे एकही नाही. उत्तरेकडच्या एका सरकारी विद्यापीठात विद्यार्थी ८०० सुद्धा नाहीत, कर्मचारी मात्र १,२०० च्या वर. म्हणजे एका विद्यार्थ्यामागे दीड माणूस! शेवटी सरकारने ठरवलं, सात वर्षं केंद्र सरकारची नवी उच्चशिक्षण संस्था नाही.

मंत्र्याने उभं राहून सांगायचं, आता पुरे? आपल्याकडे असलं बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मत्स्यव्यवसाय खातं मिळेल.

शिवाय शून्य अर्ज वगैरे नामुष्की आपल्यावर यायचीच नाही. नायजेरियाकडे इमारती आहेत, विद्यार्थी नाहीत. चंबळकडच्या कागदी कॉलेजात पटही भरतो, आणि तक्रारदार म्हणतात ते खरं असेल, तर शिष्यवृत्तीसुद्धा वेळेवर उचलली जाते.