अथ दुचाकी-ध्वनिवर्धन-विधी (तंजावूर प्रत)

पुण्याहून बंगळूर-सेलममार्गे तंजावूर म्हणजे साधारण बाराशे किलोमीटर. एवढं अंतर बुलेटवर बसून तोडायचं आणि वाटेतल्या गावांना आपली गाण्यातली आवड कळूही द्यायची नाही, हा निव्वळ आपमतलबीपणा झाला. तेव्हा ज्यांच्या गाडीला स्पीकर नाही त्यांनी तो बसवावा, आणि ज्यांच्या गाडीला आहे त्यांनी याहून मोठा बसवावा. आम्ही तंजावुरात पोचेस्तोवर दुसऱ्या वर्गात मोडत होतो.

हे काम तंजावुरातच करावं. राजराज चोळाने इथलं मोठं देऊळ १०१० मध्ये पुरं केलं आणि देवाच्या सेवेला चारशे नर्तकी आणल्या. त्यांची यादी आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या नेमणुका त्याने भिंतीवर कोरून ठेवल्या. त्याच देवळात १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. तमिळ मुलखात, भल्यामोठ्या भिंतीवर, सगळा मराठी मजकूर! आपलं म्हणणं लांबवर पोचवण्याची ही पद्धत बिनवायरची आहे आणि सव्वादोनशे वर्षांत एकदाही हँग झालेली नाही. पण दगड गाडीवर नेता येत नाही, म्हणून आपण स्पीकरकडे वळू.

स्पीकर घेताना खोक्यावरचा आकडा वाचावा आणि लगेच विसरावा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५०० वॉट' असतं आणि पाठीमागे मुंगीच्या अक्षरांत 'आरएमएस २० वॉट' असतं. पहिला आकडा मित्रांना सांगायचा, दुसरा वाजतो. आता हे वीस वॉट अपुरे वाटले, आणि ते वाटणारच, तर चाळीस करावेत. त्याने आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे बायकोच्या लक्षात येणार नाही इतका. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दसपट करावे लागतात. थोडक्यात, दोनशे.

दोनशे वॉट बारा व्होल्टवर चालवायचे तर सोळा-सतरा अँपिअर ओढले जातात. बुलेटची बॅटरी आठ अँपिअर-अवरची. इंजिन बंद असेल तर अर्ध्या तासात गाणं, हॉर्न आणि स्टार्टर तिघांनाही एकदम समाधी लागते. इंजिन चालू ठेवलं तर मॅग्नेट-कॉइल जेमतेम तेवढीच वीज करते, आणि तीत हेडलाइटचाही वाटा असतो. दोहोंतलं एक निवडावं. रात्री दिसलं नाही तरी चालेल पण लोकांना ऐकू गेलं पाहिजे, अशी ज्यांची धारणा आहे त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

वायरिंगबाबत मात्र चेष्टा नको. फ्यूज बॅटरीच्या जवळच बसवावा. अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवला आणि वाटेत वायर घासून चॅसीला टेकली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि गाडी पेटते. आम्ही ज्या मिस्त्रीकडे गेलो त्याने फ्यूज बसवलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "सार, फ्यूज सारखा उडतो, म्हणून काढला." या तर्काला त्रिवार वंदन करून आम्ही तो पुन्हा बसवून घेतला.

आता पेटी. बाजारातल्या स्पीकरची पेटी प्लास्टिकची असते आणि तिचा आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा येतो. मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा लागतो, तसा तंजावूरच्या वीणेला फणस. फणसाचं लाकूड कोरून घट काढतात, मेण आणि काजळीच्या थरावर चोवीस पडदे बसवतात, आणि अख्खी वीणा एकाच खोडातून निघाली तर तिला एकांत वीणा म्हणतात. २०१३ मध्ये या वीणेला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही एका कारागिराला विचारलं, की क्रॅश गार्डवर बसतील अशा फणसाच्या दोन पेट्या करून द्याल का? त्यांनी बराच वेळ आमच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि चहा मागवला. याला तमिळमध्ये नकार म्हणतात असं नंतर कळलं.

आवाज बरोबर लागला की नाही हे तपासायला यंत्र घेऊ नये. तलैयाट्टी बोम्मै, म्हणजे मान डोलावणारी तंजावूरची बाहुली घ्यावी. तिचं डोकं आणि धड वेगवेगळी असतात, एकावर एक तोलून ठेवलेली, जरा धक्का लागला की डुलतात. ही टाकीवर दुहेरी टेपने चिकटवावी. तिने मान डोलावली की बास पुरेसा झाला असं समजावं. आमच्या बाहुलीने स्पीकरला वायर जोडण्याआधीच मान डोलवायला सुरुवात केली, कारण इंजिन एका सिलिंडरचं आहे. अशा वेळी तिचा कौल प्रमाण मानून मिस्त्रीचे पैसे चुकते करावेत.

चाचणी तिरुवैयारूच्या रस्त्यावर घ्यावी. अंतर तेरा किलोमीटर, दुतर्फा भातशेती. कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. तिथे पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक बसून पंचरत्न कृती एकदम गातात. आम्ही वेग ऐंशीवर नेला आणि आवाज शेवटापर्यंत पिळला. या वेगाला हेल्मेटमध्ये नुसता वाराच नव्वद डेसिबलच्या घरात असतो, आणि वेग वाढला की तो झपाट्याने वाढतो. बांधावरच्या बायका वळून पाहत होत्या, बगळे उडाले, एका म्हशीने रस्ता सोडला. आमच्या कानात फक्त वारा.

रात्री ज्यांच्याकडे उतरलो ते काका तंजावूरचे मराठी. साधारण साडेतीनशे वर्षांमागे व्यंकोजीराजांच्या राज्यात आलेल्या घराण्यातले. ते बोलू लागले की एखादी बखर स्वतःच वाचायला बसली असं वाटतं. त्यांनी सगळी जुळणी नीट पाहिली, वॉट विचारले, किंमत विचारली. मग विचारलं, "आणि हे आपणांस ऐकू येतें?"

या प्रश्नावर उपाय आहे. पट्टीचे भटके लांबच्या प्रवासात कानात बोळे घालतात, म्हणजे वाऱ्याने कान बाद होत नाहीत. तेव्हा स्पीकर बसवल्यावर बोळे घ्यावेत. गाणं लोकांना, शांतता आपल्याला. मात्र रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीत पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा पंचावन्न, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरांत त्याहून कमी. तेवढा वेळ परोपकार थांबवावा.

काकांनी मग कीर्तनाचा विषय काढला. मराठी कीर्तनकार इकडे आले, साकी, दिंडी, ओवी तमिळ हरिकथेत सोडून गेले, आणि चिपळ्यासुद्धा. त्या चिपळ्यांवर भरल्या मांडवाला जागेवर बसवायचे, असं ते सांगत होते. आम्ही अ‍ॅम्प्लिफायरचा विषय खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणच्या वाटेवर एका देवळातून पालखी निघत होती. पुढे नादस्वरम आणि तविल. नादस्वरम नरसिंगमपेट्टैचं नावाजलेलं. जुन्या घरांच्या मोडीतून निघालेलं आच्चा लाकूड वापरून करतात आणि २०२२ मध्ये त्यालाही मानांकन मिळालंय. आम्ही रस्त्याच्या पलीकडे थांबलो होतो. इंजिन चालू, हेल्मेट डोक्यात, बोळे कानात, स्पीकर पूर्ण आवाजात. तरी नादस्वरमचा सूर न् सूर ऐकू येत होता. वादकाचं वय सत्तरीच्या पुढचं असावं. बॅटरी कुठे दिसली नाही.

विकणे आहे: स्पीकर दोन, अ‍ॅम्प्लिफायर एक, वायरिंग रिलेसह, फ्यूज नवा. वापर अवघा दोन दिवस. बाहुली विकायची नाही.